लॅमिंग्टन रोडपासून ‘ळ’पर्यंत

वेब डेव्हलपरने कोणता कॉम्प्युटर घ्यावा, कोड लिहायला कोणता एडिटर वापरावा, याबद्दल इंग्रजीत ढीगभर लिहिलेलं आहे. तेवढ्याने माझं भागत नाही, कारण मी बांधते ती संकेतस्थळं मराठी असतात. कुठे एखादं वाचनालय, कुठे छोटा प्रकाशक, कुठे हौशी नाट्यसंस्था. इंग्रजी पानावर जे आपोआप होतं, ते मराठी पानावर मुद्दाम करून घ्यावं लागतं. जुन्या लॅपटॉपची बॅटरी फुगून टचपॅड वर उचललं गेलं, तेव्हा मी सगळं टेबलच नव्याने मांडायला घेतलं. प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक प्रोग्राम निवडताना एकच विचार ठेवला, की याने मराठी नीट दिसेल का, लिहिता येईल का, शोधता येईल का.

गिरगावात राहण्याचा फायदा म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड चालत गाठता येतो. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव लोकांच्या तोंडून अजून गेलेलं नाही. एका बाजूला रेझिस्टर-कपॅसिटर सुटे विकणारं चिंचोळं दुकान, त्याला लागूनच ग्राफिक्स कार्डांनी भरलेलं काचेचं शोकेस. फिरून भाव विचारायला संकोच करू नये. एकाच दिवशी एकाच रॅमचा भाव तीन दुकानांत तीन प्रकारचा निघतो, आणि दुकानदारालाही तुम्ही फिरून आलाय हे माहीत असतं.

या वेळी लॅपटॉपऐवजी डेस्कटॉप घ्यायचं ठरवलं होतं. मी घरूनच काम करते, आणि डेस्कटॉपचा एकेक भाग पुढे बदलता येतो. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, वाढवायची म्हटली तर मशीनच बदलावं लागतं.

“ताई, गेमिंग, एडिटिंग की ऑफिस?” दुकानदाराचा पहिला प्रश्न.

“वेबसाइट बनवते.”

“मग ग्राफिक्स कार्ड तर लागेलच.”

लागत नाही. वेब डेव्हलपरच्या मशीनवर भार पडतो तो रॅमवर आणि प्रोसेसरवर. दोन-तीन ब्राउझर, प्रत्येकात वीसेक टॅब, एडिटर, डेटाबेस, कधी अँड्रॉइडचं एम्युलेटर (कॉम्प्युटरवर चालणारा नकली फोन), हे सगळं एकाच वेळी चालू असतं. म्हणून मी रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेतला. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि पडद्यासाठी लागणारं ग्राफिक्स त्याच चिपमध्ये. हे ग्राफिक्स स्वतःची वेगळी मेमरी न ठेवता रॅममधलाच हिस्सा वापरतं, त्यामुळे ३२ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा १६-१६ च्या दोन घेतल्या. दोन पट्ट्यांमुळे प्रोसेसरला दोन वाटांनी मेमरी मिळते आणि फरक पडद्यावर कळतो. वाचलेल्या पैशांतून १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (वेगवान साठवण) आणि चांगला एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) घेतला. एसएमपीएसमध्ये काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे. तो बिघडला की एकटा जात नाही, बोर्डालाही घेऊन जातो.

पक्कं बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या. बिलाशिवाय थोडं स्वस्त पडेल असं कुणी ना कुणी सुचवतंच, पण वॉरंटीच्या वेळी त्या सिरियल नंबरवरच सगळं अडतं. जोडणी दुकानातल्या मुलाने समोर करून दिली. घरी आणल्यावर मी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल (तिच्या पूर्ण वेगाची सेटिंग) चालू केलं. ते केल्याशिवाय ३२०० ची रॅम बहुतेक वेळा त्याहून कमी वेगानेच चालत राहते, आणि हे दुकानात कुणी सांगत नाही.

मॉनिटर निवडायला सर्वांत जास्त वेळ दिला. मी दुकानदाराला माझ्या फोनवरचं एक मराठी पान प्रत्येक पडद्यावर उघडायला लावलं. अनुस्वार, रफार, ‘कृ’मधला ऋकार, ‘द्ध’ची गुंतलेली जोडणी, या गोष्टी बारीक अक्षरात कशा दिसतात ते बघायचं होतं. २४ इंची फुल एचडीवर ‘द्ध’ आणि ‘द्व’ डोळे बारीक करून ओळखावे लागत होते. २७ इंची, २५६० बाय १४४० पिक्सेलच्या पडद्यावर ते वेगवेगळे दिसले. तोच घेतला. पण माझे वाचक असला पडदा वापरत नाहीत, हेही विसरून चालत नाही. ज्या वाचनालयाचं काम हातात होतं, तिथल्या काउंटरवरचा मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा आहे. त्यामुळे ब्राउझरची खिडकी त्या मापाची करून बघणं हा रोजचा नेम आहे.

कीबोर्ड मेकॅनिकल, चेरी स्विचचा. टॅलीवर बसणाऱ्या लोकांकडे वर्षानुवर्षं असतो तसा, आवाज करणारा आणि न थकणारा. त्यावर ₹ची खूण आहे याचं मला विशेष वाटतं. ही खूण आयआयटी मुंबईत शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी रेखाटली, सरकारने ती जुलै २०१० मध्ये स्वीकारली आणि त्याच वर्षी ती युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, आली.

युपीएसबद्दल थोडं. मुंबईत वीज क्वचित जाते, म्हणून इथे लोक तो घेत नाहीत. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिडमधल्या बिघाडाने शहरभर वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तो दिवस ज्यांनी घरून काम करत काढला त्यांना विचारा. मी ६०० व्हीएचा युपीएस मशीनला आणि एक छोटा राउटरला लावला. तासन् तास काम करायला तो पुरत नाही; चालू काम जपून ठेवून, सर्व्हरवर पाठवून, मशीन नीट बंद करायला पुरतो. पावसाळ्यासाठी कॅबिनेटच्या बाहेर सिलिका जेलच्या पुड्या ठेवते आणि जाळ्या महिन्याकाठी झाडते. समुद्र जवळ असला की दमटपणा आणि धूळ मिळून पंख्यांवर जो थर बसतो तो नुसत्या फुंकरीने जात नाही.

ऑपरेटिंग सिस्टिम उबंटू २४.०४. एप्रिल २०२४ ची ही आवृत्ती दीर्घ मुदतीची आहे, पाच वर्षं सुधारणा मिळत राहतात. माझी संकेतस्थळं ज्या सर्व्हरवर चालतात तेही लिनक्सचेच, त्यामुळे इथे चाललेलं तिथे अडत नाही. इन्स्टॉल झाल्यावर मी आधी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कीबोर्ड मांडणी) जोडलं, बाकीचं नंतर. इनस्क्रिप्ट शिकायला लोक घाबरतात. स्वर डाव्या हाताखाली, व्यंजनं उजव्या हाताखाली, एवढं समजलं की दोन आठवड्यांत बोटं वळतात. ‘ळ’साठी शिफ्ट आणि एन, ‘ण’साठी शिफ्ट आणि सी, हलन्तासाठी, म्हणजे पाय मोडण्याच्या खुणेसाठी, डी. रोमन अक्षरांतून मराठी टाइप करणाऱ्यांना ‘ण’ की ‘न’, ‘ळ’ की ‘ल’ हे यादीतून निवडत बसावं लागतं. इनस्क्रिप्टमध्ये जे दाबाल तेच उमटतं, आणि कोड लिहिणाऱ्याला असंच हवं असतं.

त्यातली एक किल्ली मला फार मोलाची वाटते, शिफ्ट आणि जे. तिच्याने ‘ऱ’ उमटतो, आणि त्याला हलन्त जोडला की ‘दऱ्याखोऱ्या’मधला आडवा र मिळतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. हा फरक मराठीत अर्थाचा आहे, आणि पुढे याच र ने माझे दोन दिवस घेतले.

एडिटर व्हीएस कोड. तो काही वर्षांपासून न दिसणारी आणि संशयास्पद अक्षरं चौकट करून दाखवतो. इंग्रजी कोडात कुणी फसवं अक्षर घुसवू नये म्हणून ती सोय आहे. मराठी मजकुरात मात्र झीरो विड्थ जॉइनरसारखी (शेजारच्या अक्षरांची जोडणी कशी दिसावी ते सांगणारी) न दिसणारी अक्षरं हक्काने येतात, म्हणून ती सूचना मी मराठीच्या फायलींपुरती बंद केली आणि कोडच्या फायलींत चालू ठेवली.

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, अडचण वेगळी. टर्मिनल गणिताच्या चौकटी वहीसारखा असतो, प्रत्येक अक्षराला एक चौकट. देवनागरी जोडाक्षर त्या चौकटींत मावत नाही, मग वेलांट्या एकीकडे आणि हलन्त दुसरीकडे पडतात. काही टर्मिनल दुसऱ्यांपेक्षा बरे आहेत, पण मी मराठी मजकूर तिथे वाचायचं सोडून दिलंय. फाइल एडिटरमध्ये उघडते. कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटचंही असंच. फाइलचं नाव मराठीत असलं की गिट ते तिरक्या रेघा आणि आकड्यांच्या माळेत छापतं. कोअर-कोटपाथ नावाची सेटिंग फॉल्स केली की नाव जसंच्या तसं दिसतं. नवीन मशीनवर गिट बसवलं की नाव आणि ईमेलनंतर मी तिसरी आज्ञा हीच देते.

जावास्क्रिप्ट ही वेबची भाषा चालवणाऱ्या नोडच्या आवृत्त्या एनव्हीएम या प्रोग्रामने, डेटाबेस कंटेनरमध्ये (बाकी मशीनपासून वेगळ्या डब्यात), सर्व्हरवर जायला नवी एसएसएच किल्ली (पासवर्डऐवजी वापरायची फाइल). यात मराठीचा काही प्रश्न नाही, एका दुपारी उरकलं.

मग आलं खरं काम. वाचनालयाच्या पुस्तकांची यादी. ग्रंथपाल काकांनी पेन ड्राइव्ह हातात दिला. “सगळं टाइप केलेलंच आहे, फक्त चढवायचं.” फायली उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ. यादी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टांवर मराठी छपाईने कितीतरी वर्षं काढली, आणि पुस्तकं, दिवाळी अंक त्यावरच निघाले. त्या काळात अक्षराचं चित्रच साठवलं जाई. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम साठवला जातो. म्हणून नुसतं एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर ठेवून रूपांतर होत नाही.

‘किल्ला’ घ्या. डोळ्यांना वेलांटी आधी दिसते, मग क. जुन्या फॉन्टमध्ये ती तशीच आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. ‘मूर्ती’त रफार शेवटी, त आणि दीर्घ वेलांटीच्या डोक्यावर काढलेला असतो, युनिकोडमध्ये र आणि हलन्त त च्या आधी यायला हवेत. ‘मर्त्य’मध्ये तो रफार पूर्ण जोडाक्षर ओलांडून मागे न्यायचा. मी पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. आधी अक्षरांची अदलाबदल, मग ऱ्हस्व वेलांटी पुढे ढकलणं, मग रफार मागे ओढणं, याच क्रमाने. क्रम उलटा केला की वेलांटीच्या पोटात रफार अडकतो. स्क्रिप्टने बहुतेक यादी सोडवली. उरलेली काकांनी आणि मी शेजारी बसून तपासली, कारण एखाद्या जुन्या लेखकाचं आडनाव बरोबर आहे की नाही हे स्क्रिप्टला कळत नाही, काकांना कळतं.

यादी चढली, आणि शोध चालेना. ‘दऱ्या’ शोधलं तर काही पुस्तकं सापडायची, काही नाही, आणि पडद्यावर सगळी एकसारखीच दिसायची. हा तोच आडवा र. तो तीन प्रकारे साठवता येतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दोन, साधा र, नुक्ता आणि हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर. पहिले दोन एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या रीती एकसारख्या करणाऱ्या युनिकोडच्या नियमाने) एक होतात, जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी नॉर्मलाइझ ही तयार पद्धत आहे. तिसरा प्रकार तिला वेगळाच वाटतो, त्यासाठी नियम स्वतः लिहावा लागला. आता यादीत काही जाताना आणि वाचकाने शोधखान्यात काही लिहिताना, दोन्ही वेळी मजकूर या गाळणीतून जातो. मराठी शोधाचा कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी हे करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लेखकांची अनुक्रमणिका लावतानाही असंच. साध्या क्रमाने लावलं तर ‘ळ’ ‘ल’च्या शेजारी येतो, कारण युनिकोडच्या तक्त्यात तो तिथे आहे. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर येतो, मग क्ष, ज्ञ. जावास्क्रिप्टमधल्या इंटल-कोलेटर या क्रम लावणाऱ्या सोयीला मराठी भाषा सांगितली की तो आपला क्रम पाळतो. काकांनी अनुक्रमणिका खालपर्यंत सरकवली, ‘ह’ झाल्यावर ‘ळ’चा विभाग पाहिला आणि मान डोलावली. संख्याही तशाच. इंटल-नंबरफॉरमॅटला मराठी सांगितलं की १२३४५६ हे आपोआप १,२३,४५६ असं देवनागरी आकड्यांत, लाखाच्या स्वल्पविरामासह येतं. त्यासाठी वेगळी लायब्ररी ओढून आणायची गरज नाही.

लांब शीर्षकं कापून दाखवायची होती. जावास्क्रिप्टच्या लेखी ‘क्षि’ची लांबी चार आहे. क, हलन्त, ष, वेलांटी. विसाव्या जागी कापलं तर एखाद्या शीर्षकाच्या टोकाला उघडा हलन्त लोंबायचा. इंटल-सेगमेंटर अक्षर मोडू न देता तुकडे करतो. फायरफॉक्समध्ये तो एप्रिल २०२४ मध्ये आला, त्याआधी क्रोम आणि सफारीत होताच, म्हणून आता निश्चिंतपणे वापरता येतो. जोडाक्षर अखंड धरायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत आला. जुन्या ब्राउझरमध्ये जोडाक्षर मधून तुटू शकतं, तेवढं बघून घ्यावं.

आता फॉन्ट. मजकुरासाठी ‘मुक्ता’ घेतला. आपल्या मुंबईच्याच एक टाइप या संस्थेने तो घडवला आहे, सात वजनांत, म्हणजे जाडींत, आहे, मुक्त परवान्याने मिळतो. शीर्षकांसाठी ‘तिरो देवनागरी मराठी’. तिरो या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने हिंदी, मराठी आणि संस्कृत यांसाठी वेगवेगळे फॉन्ट काढले, हे मला फार आवडतं. मराठीचा पाकळीयुक्त ल आणि मराठी वळणाचा श त्यात मुळातच आहे. २००९ च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयातही ल आणि श यांची मराठी रूपं ठरवून दिलेली आहेत. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि पानाची भाषा मराठी आहे असं एचटीएमएलमध्ये (पानाच्या मूळ कोडात) नोंदवलं तरच मराठी रूप दिसतं. ती नोंद पानाच्या पहिल्या टॅगमध्ये करायची, दोन अक्षरांची, एमआर. कित्येक मराठी संकेतस्थळांवर तिथे अजून इंग्रजीचं ईएन असतं.

फॉन्टची फाइल लहान करायला फॉन्टटूल्स वापरते. देवनागरीच्या फॉन्टमध्ये जोडाक्षरांची चित्रं शेकड्यांनी असतात, त्यामुळे तो रोमनपेक्षा जड. नको ती अक्षरं काढायची, पण झीरो विड्थ जॉइनर आणि नॉन-जॉइनर ही दोन्ही न दिसणारी अक्षरं आणि ₹ राखायचे. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये ओळींची उंची १.६ च्या खाली नेत नाही, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. आणि लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, शून्य. शीर्षकाला इंग्रजीसारखी अक्षरं फाकवली की शिरोरेषा तुटते. हे दिसायला वाईट आहेच, वाचायलाही त्रासाचं.

चाचणीसाठी माझ्याकडे ३ जीबी रॅमचा जुना अँड्रॉइड फोन आहे. युएसबीने जोडून क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावर त्याचा पडदा डेस्कटॉपवर उघडते, आणि कुठे अडतंय ते तिथेच दिसतं. डेव्हटूल्समध्ये नेटवर्क मंद करायची सोय आहे, ती मी वापरते, पण तिच्यावर विसंबत नाही. फोन घेऊन चर्चगेट-विरारच्या गाडीत बसते. संध्याकाळच्या गर्दीत हजारो फोन एकाच टॉवरवर असतात, आणि नेटवर्क येत-जात राहतं, तसं ते टेबलावर बसून कधीच आणता येत नाही. अशाच एका प्रवासानंतर मी सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये मागे राहून पानं साठवणारा प्रोग्राम) घातला. एकदा उघडलेली यादी आता नेटवर्क गेलं तरी फोनमध्ये राहते. पुस्तकांच्या पानांचे पत्तेही त्यानंतर बदलले. मराठी पत्त्यातलं एकेक अक्षर व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवताना नऊ चिन्हांचं होऊ शकतं, आणि आठ शब्दांचं शीर्षक चार ओळींची अगम्य माळ बनतं. आता पत्त्यात फक्त पुस्तकाचा दाखल क्रमांक असतो.

सध्या टॉकबॅकवर, म्हणजे अँड्रॉइड फोनचा पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, काम चालू आहे. वाचनालयाच्या सभासदांमध्ये दृष्टिहीन वाचकही आहेत आणि त्यांना यादी ऐकून शोधता यायला हवी. भाषेची ती दोन अक्षरांची नोंद इथे पुन्हा कामाला येते, कारण तिच्यावरूनच फोन मराठी आवाज निवडतो. शीर्षकं तो चांगली वाचतो. ‘ले.’, ‘सं.’, ‘आ.’ अशी ग्रंथसूचीची संक्षिप्त रूपं मात्र त्याला उलगडत नाहीत, म्हणून प्रत्येकाच्या मागे लेखक, संपादक, आवृत्ती असा पूर्ण शब्द लपवून ठेवते आहे. अजून निम्मी यादी बाकी आहे.